कपाटावरचा उजवा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. उजव्या पायाचा.

माझ्या शेजारी उभा आहे तो माझा जुळा भाऊ, डावा. आम्ही एकाच दिवशी, एकाच चामड्यातून जन्मलो. पण आम्हाला शेजारी शेजारी बघून कुणी जुळे म्हणणार नाही. त्याच्या नाकावर ओरखडे आहेत, टाच एका बाजूने झिजली आहे, नाड्या दोनदा बदलून झाल्या आहेत. मी त्याच्यापुढे अजून तरुण दिसतो. येणारेजाणारे मला उचलून म्हणतात, "वा! काय टिकलाय हा!" तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बुटाला जीभ असते, पण बोलता येत नाही. बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं की बाबांनो, मी टिकलो नाही, मी फक्त उरलो.

पण ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

एका लांबलचक, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात आमचा जन्म झाला. जाड चामडं पाण्यात भिजवून, लाकडी पायावर ताणून आम्हाला आकार दिला गेला. नाकाशी चामड्याच्या आत एक लोखंडी वाटी बसवली गेली, म्हणजे बोटांवर जड वस्तू पडली तरी मार वाटीने खावा. तळ चिकटवला नाही, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवला. शिवणाऱ्या बाई उंच, शिडशिडीत होत्या आणि तोंडात सदानकदा लवंग धरलेली असायची. प्रत्येक बूट शिवून झाला की त्या तो टेबलावर दाणकन आपटायच्या आणि म्हणायच्या, "जा, भरपूर झीज!" मला तेव्हा रागच आला होता. जन्मल्या जन्मल्या असा शाप कोण देतं? तो आशीर्वाद होता हे कळायला मला फार उशीर लागला.

तिथून आम्ही एका दुकानात आलो, आणि दुकानातून जपूनरावांच्या घरी.

जपूनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते फरशीच्या गोदामात काम करायचे. तिथे माणसाच्या उंचीच्या दगडी लाद्या लाकडी चौकटींत उभ्या करून ठेवलेल्या असतात. त्या काढायच्या, उचलायच्या, गाडीत चढवायच्या. लादी हलली की हे ओरडायचे, "जपून!" कुणी चहाचा पेला उचलला तरी ओरडायचे, "जपून!" म्हणून सगळं गोदाम त्यांना जपूनराव म्हणू लागलं. माणूस सोन्यासारखा. दुसऱ्याच्या बोटाला साधं खरचटलेलंही त्यांना बघवायचं नाही. स्वतःच्या पायात मात्र स्वस्तातलं काहीतरी अडकवलेलं असायचं. एका बुटाचा तळ पहिल्याच पावसाळ्यात उघडला आणि बेडकासारखा तोंड वासून बसला. दुसऱ्याची टाच रस्त्यात राहिली आणि हे पुढे निघून आले. तिसऱ्यातून खिळा वर आला.

त्यांच्या पत्नीचं घरातल्याच पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान होतं. सगळे त्यांना बाई म्हणायचे, म्हणून मीही बाईच म्हणतो. शेवटी बाईंचा संयम सुटला.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" त्या म्हणाल्या. "ही माझी इस्त्री बघा. लग्नाआधी घेतली. तेव्हा आई म्हणाली, महाग आहे. आज तिच्यावर घर चालतंय. आता एकदाच चांगले बूट घ्या आणि मोकळे व्हा."

म्हणून दोघं आमच्या बुटांच्या दुकानात आली. सोबत त्यांची छोटीही होती. दुकानदार आजोबांनी मला काउंटरवर ठेवलं. माझ्या नाकात, म्हणजे बोटांच्या जागी, एक खडू ठेवला. मग हातोडा उचलला आणि माझ्या नाकावर जोरात हाणला. छोटीने डोळे मिटून घेतले. आजोबांनी हात घालून खडू बाहेर काढला. खडू अख्खा!

"बघा," ते म्हणाले, "शिवलेला आहे, चिकटवलेला नाही. तळ झिजला तर नवा बसतो. फक्त एक करा, रोज घाला. चामडं वापरलं नाही की रुसतं."

किंमत ऐकून जपूनरावांनी जवळचं स्टूल ओढलं आणि बसून घेतलं. पण बाईंनी पिशवीतून पैसे काढले आणि आम्ही त्यांचे झालो. हातोड्याचा घाव मी तसूभरही आत जाऊ दिला नव्हता. छाती फुगवून मी खोक्यात बसलो. मित्रांनो, माझ्या नाकाने आयुष्यात खाल्लेला खराखुरा मार तेवढा एकच. तोही दुकानात, खडूसाठी.

घरी आल्यावर जपूनरावांनी आम्हाला घालून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग खाली बसले, आम्हाला काढलं, फडक्याने तळ पुसला आणि कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं.

"अहो, हे काय?" बाईंनी विचारलं.

"उद्यापासून घालतो. आज राहू दे."

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. एवढे चांगले बूट चिखलात कसे घालायचे? त्याच्या पुढच्या दिवशी सिमेंटची पोती यायची होती. सिमेंट चामड्याला वाईट. मग म्हणे लाद्या लहान आहेत, त्यांच्यासाठी एवढे बूट कशाला? मग म्हणे मोठ्या लाद्या येणार आहेत, ओरखडे पडतील. लहान लादी आली तरी आम्ही घरात, मोठी आली तरी घरात. खोकं आधी पलंगाखाली होतं, मग कपाटावर गेलं. पायात घालायला त्यांनी रबरी सपाता आणल्या. कशासाठी? तर आम्हाला वाचवण्यासाठी!

मी खोटं बोलणार नाही. मला बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला खाली काढायचे, मऊ फडक्याने पुसायचे, तळहाताच्या फोडासारखं जपायचे. घरी कुणी आलं की आम्ही बाहेर. एकदा बाईंचा भाऊ आला. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं. तळावर कारखान्याचा छाप अजून जसाच्या तसा होता.

"दाजी," तो म्हणाला, "हे बूट आहेत की घरी आलेले पाहुणे? चांगलं वर्ष झालं, अजून यांनी घराचा उंबरा ओलांडला नाही."

"अरे, चांगली वस्तू जपायला नको?"

"वस्तू जपताय हो. पण पाय कुठे ठेवलेत? तेही कपाटावर ठेवा."

सगळे हसले. जपूनरावही हसले. मीही मनातल्या मनात हसलो, याची आज लाज वाटते.

आम्ही खरं चाललो ते फक्त छोटीच्या पायांनी. आई दुकानात गुंतली की ती खुर्चीवर चढून खोकं काढायची, आमच्यात पावलं घालायची आणि खोलीभर ठक् ठक् करत फिरायची. "मी जपूनराव! जपून! जपून!" तिची पावलं आमच्यात हरवून जायची. पण काय सांगू, अंगात ऊब यायची. डावा तर खूश होऊन जमिनीवर उगाचच जास्त वाजायचा. एकदा जपूनरावांनी पाहिलं आणि धावत आले.

"काढ, काढ आधी! चामड्याला सुरकुती पडेल."

तिने मुकाट्याने आम्हाला काढलं, कागदात गुंडाळलं, कागदाचे कोपरेही बाबांसारखेच नीट दुमडले. मूल बघतं आणि शिकतं. तेव्हा तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

कपाटावरून, खोक्याच्या फटीतून, मला पुढच्या खोलीतली इस्त्री दिसायची. तिची मूठ हाताने घासून गुळगुळीत झाली होती, वायर एकदा बदलली होती. सकाळपासून ती तापायची, कपड्यांवरून फिरायची, वाफ सोडायची. ती कधी माझ्याकडे बघायची नाही. तिला वेळच नव्हता. सुरुवातीला मी तिच्या डागांना हसायचो. हळूहळू तिच्याकडे बघणं मला जड जाऊ लागलं. दोघांनाही पूर्ण किंमत देऊन आणलं होतं. ती घर चालवत होती आणि मी धूळ खात होतो, तीही कागदातून.

अशीच आणखी काही वर्षं गेली. मग तो दिवस आला. सकाळची वेळ होती. इस्त्री नुकती तापली होती. गोदामातला एक माणूस धापा टाकत दारात आला.

"वहिनी, लवकर चला. जपूनरावांच्या पायावर लादी आली."

बाईंनी इस्त्री बंद केली. दवाखान्यात न्यायला चादर हवी म्हणून त्यांनी कपाटावरची चादर ओढली आणि तिच्याबरोबर आमचं खोकं धाडकन खाली पडलं. कागद फाटला. मी घरंगळत बाईंच्या पायाशी आलो. त्यांनी मला उचललं. हात आत घातला आणि बोटांनी ती लोखंडी वाटी आतून चाचपली. मला जमिनीवर ठेवलं आणि गेल्या. त्या रागावल्या असत्या, मला फेकून दिलं असतं, तर परवडलं असतं.

काय झालं ते मला नंतर भेटायला आलेल्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. चौकटीतून एक लादी काढताना तिच्यामागची लादी कलली. जपूनराव ओरडले, "जपून!" समोरच्या सोबत्याची कॉलर धरून त्यांनी त्याला बाजूला ओढलं. सोबती वाचला. लादीचा कोपरा यांच्या उजव्या पायावर आला. पायात रबरी सपाता होत्या. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट डॉक्टरांना काढावं लागलं.

मित्रांनो, ते पाऊल माझं होतं. ती दोन बोटं माझ्या वाटीखाली असायला हवी होती. मी एका खडूला वाचवलं होतं. ज्यांच्यासाठी माझा जन्म झाला त्या बोटांच्या वेळी मी कपाटावर कागदात बसलो होतो. यात माझा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. डावाही तसंच म्हणतो. पण लाज दोष विचारून येत नाही.

जपूनराव बरेच महिने घरी होते. खाटेवर पडून ते छताकडे बघायचे. घर इस्त्रीवर चालायचं. बाई पहाटे उठून कपड्यांचे गठ्ठे उरकायच्या, छोटी शाळेतून आली की घड्या घालायची. एक दिवस गोदामाचे मालक आले. त्यांनी आता नियम केला होता की लोखंडी नाकाचे बूट असल्याशिवाय गोदामात कुणी पाऊल टाकायचं नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं, म्हणून ते खाली बघून बोलत होते.

"ओझं उचलू नका," ते म्हणाले. "आत फिरून माणसांवर लक्ष ठेवा. तुमच्यासारखं 'जपून' कुणी म्हणत नाही. पण पायात बूट हवेत. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यापुढे माझाही इलाज नाही."

ते गेल्यावर जपूनरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "बूट आहेत की माझ्याकडे!" ते म्हणाले.

डाव्यात पाय सहज गेला. मग माझी पाळी आली. मी श्वास रोखला. पाऊल अर्ध्यावर आलं आणि अडलं. जखम भरताना पाऊल पुढून रुंद झालं होतं, एक हाड बाहेर आलं होतं. त्यांनी जोर लावला, कळ आली, घाम फुटला. मला पसरायचं होतं. सगळा जीव एकवटून मी पसरायला बघत होतो. पण इतकी वर्षं कोरडा पडून माझं चामडं लाकूड झालं होतं. दुकानदार आजोबा म्हणाले होते तेच झालं. रोज घातलं असतं तर मी पायाबरोबर सैल झालो असतो. तेल लावून पाहिलं, ओलं फडकं भरून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. एकदा बोटं गेली तेव्हा मी नव्हतो, आणि आता होतो तर आडवा येत होतो. असून अडचण म्हणतात ती ही.

त्या दिवसांत जपूनराव काठी घेऊन थोडं थोडं फिरू लागले. डाव्या पायात डावा, उजव्यात सैल चप्पल. डावा बाहेरून चिखल माखून यायचा आणि मला चिडवायचा, "काय नवरदेव, निघताय का वरातीला?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी मी भिंतीकडे तोंड करून बसायचो.

महिना संपत आला तशी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि सगळ्यांना घेऊन कोपऱ्यावर बूट शिवणाऱ्या काकांकडे गेल्या. काकांनी आधी जपूनरावांचं पाऊल नीट पाहिलं, मग मला पाहिलं.

"होईल," ते म्हणाले. "बाजूने उभा फाडायचा, मध्ये मऊ चामड्याचा तुकडा घालायचा. पुढे जिथे बोटं नाहीत तिथे लोकरीची घडी भरायची. वाटी तशीच राहील."

त्यांनी सुरी हातात घेतली. तेवढ्यात जपूनरावांनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो. नवा आहे. एकदाही घातला नाही. असं करू या का? स्वस्तातला एक आणतो. तो फाडा. हा राहू दे."

काका हसले. "स्वस्तातल्याला सुरी लावली तर सगळाच सुटेल, दादा. तो चिकटवलेला असतो. फाडून पुन्हा शिवता येतो तो हाच."

"पण इतका चांगला..."

बुटांबद्दल बाई इतके महिने काही बोलल्या नव्हत्या, त्या तेव्हा बोलल्या. आवाज चढवला नाही.

"अहो, पाय फाटला तो चालला तुम्हाला. आणि बूट फाडायला जीव जातोय?"

रस्त्यावरून माणसं जात होती. जपूनरावांनी काकांच्या हातावरचा आपला हात हळूच काढून घेतला. मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या नाकावर पडलं, आणि पहिल्यांदाच ते पुसायला त्यांनी फडकं काढलं नाही.

"फाडा," ते म्हणाले.

सुरी लागली तेव्हा दुखलं. पण इतक्या वर्षांत कुणीतरी मला कामासाठी हात लावत होतं. काका दोरा ओढत होते आणि मला त्या लवंगवाल्या बाई आठवत होत्या. शिवून झाल्यावर काकांनी मला दगडावर दाणकन आपटलं. माझ्या कानात, बुटाला कान असतील तर, तेच शब्द घुमले. जा, भरपूर झीज.

पाऊल आत आलं. सावकाश, पण पूर्ण आलं. महिना संपायच्या आत जपूनराव गोदामात उभे होते. पहिल्याच दिवशी दगडाची भुकटी माझ्या शिवणीत शिरली, कुणाची तरी हातगाडी माझ्या अंगावरून गेली. संध्याकाळी दाराशी डावा म्हणाला, "आलास का कामावर?" एवढंच. पण त्या दिवसापासून त्याने मला नवरदेव म्हटलं नाही. जपूनराव लंगडताना सगळा भार डाव्यावर टाकतात, म्हणून झिजण्यात तो आजही माझ्या पुढे आहे.

तरी लाज गेली नाही, मित्रांनो. ती रोज माझ्याबरोबर चालते. माझ्या लोखंडी वाटीखाली आज तीन बोटं आहेत आणि एक लोकरीची घडी. जपूनराव पाऊल टाकतात तेव्हा तीन बोटं मला ऊब देतात. ती घडी देत नाही. लोक मला टिकाऊ म्हणतात तेव्हा मला ती घडी आठवते.

परवाचीच गोष्ट सांगतो. बाईंनी छोटीला शाळेसाठी नवे बूट आणले. चांगले, शिवलेले. तिने ते घालून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग खाली बसली, काढले, फडक्याने तळ पुसला. कागदात गुंडाळले, कोपरे नीट दुमडले. खुर्ची ओढली आणि खोकं कपाटावर ठेवलं, बरोबर आमच्या जुन्या जागी. शाळेत जायला तिने तुटक्या पट्ट्याच्या चपला पायात अडकवल्या.

जपूनराव आमच्या नाड्या बांधत होते. त्यांचे हात थांबले. ते उठले, खोकं खाली काढलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"पाय दे."

"बाबा, पण बाहेर चिखल आहे. खराब होतील ना."

"होऊ देत."

"इतके चांगले आहेत!"

"म्हणूनच," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या पायात बूट घातले आणि नाडीची गाठ मारली. उठताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला, कारण उजव्या पायाचा तोल त्यांना अजून नीट सांभाळता येत नाही.

छोटी दारातून बाहेर पडली. समोरच डबकं होतं. तिने एकदा वळून बाबांकडे पाहिलं. जपूनरावांच्या तोंडून नेहमीचा शब्द निघणार होता, ओठ हललेसुद्धा. पण त्यांनी तो गिळला आणि नुसती मान डोलावली. तिने दोन्ही पायांनी डबक्यात उडी मारली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर कुणीतरी असेल. कागदात गुंडाळलेलं, कोपरे दुमडलेलं. चांगली वस्तू घ्यायला आईबाबांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो, म्हणून ती जपावीशी वाटते, हे मला कळतं. जपा, पण वापरून जपा. तिला चिखल लागू दे, तो पुसा. शिवण उसवली तर शिवून घ्या. पण आज खाली काढा. आम्हाला ओरखड्यांची लाज वाटत नाही हो. वेळेवर आपण तिथे नव्हतो, याची वाटते.